दोघांची इच्छा जुळत नसेल तर: सीमाभागातल्या नवख्या जोडप्यांसाठी

लग्नाला वर्ष होत आलं की शरीरसंबंधाच्या इच्छेची ही तक्रार दोनपैकी एका रूपात बाहेर येते. बायको म्हणते, “ह्यांना रोजच पाहिजे असतंय, मला नको झालंय.” नाहीतर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, दाराकडं एकदा बघून घेऊन, “हे जवळच येत नाहीत.” ही दुसरी तक्रार उशिरा येते. बाईला पाहिजे आणि पुरुषाला नको, असं असू शकतं हे आपल्याकडं मैत्रिणीला सांगायचीसुद्धा चोरी. नवरे बहुधा बोलायला येतच नाहीत. आले तर “तिला काहीतरी गोळी द्या” म्हणून येतात.

ज्यांच्या लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, किंवा मूल झाल्यावर पहिल्यांदाच ही अडचण ज्यांच्यासमोर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली घरं, कामाच्या वेळा आणि दवाखाने डोळ्यांसमोर ठेवलेत. पायऱ्या क्रमानं आहेत, पण प्रत्येकाला सगळ्या लागतीलच असं नाही.

सुरुवातीलाच सांगते: दोघांच्या इच्छेत फरक असणं हा आजार नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१३ चं वर्गीकरण आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. त्यात कमी इच्छेला विकार म्हणायचं तर ती अवस्था साधारण सहा महिने टिकलेली असावी लागते आणि त्या व्यक्तीला स्वतःला तिचा त्रास व्हावा लागतो. जोडीदारापेक्षा इच्छा कमी आहे, एवढ्यावरून कुणी रोगी ठरत नाही. जास्त इच्छा असणाराही “हावरट” ठरत नाही.

“आठवड्यातून किती वेळा नॉर्मल?” हा प्रश्न सतत विचारला जातो आणि मला तो निरुपयोगी वाटतो. महिन्यातून एकदा जवळ येणारी सुखी जोडपी असतात, चार दिवसांआड येणारीही असतात. आकडा हातात आला की तो भांडणात फेकून मारायच्या कामी येतो, दुसऱ्या कशाच्या नाही.

आधी जबरदस्ती वेगळी काढा

“नको” म्हटल्यावर मारणं, घरखर्चाचे पैसे बंद करणं, माहेरी पाठवायची धमकी देणं, पिऊन येऊन अंगावर येणं, हे इच्छेतलं अंतर नाही. तिथं खालच्या पायऱ्या वापरू नका. अशा घरात “दोघांनी मिळून बोला” हा सल्लाही बाईच्या अंगाशी येऊ शकतो.

कायद्याची आजची स्थिती अर्धवट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादामुळं अठरा वर्षांवरच्या पत्नीशी पतीनं केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येत येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये अशा एका नवऱ्यावरचा बलात्काराचा आरोप रद्द करायला नकार दिला होता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याखाली संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहायचा हक्क आणि आर्थिक मदत मागता येते. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२, हे दोन नंबर पाठ असू द्यात.

पहिली पायरी: अडतंय कुठं ते बघा

किन्सी इन्स्टिट्यूटमधल्या जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन या संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडलेली एक कल्पना इथं फार कामाची आहे. इच्छा चेतवणारी एक यंत्रणा असते आणि ती आवरणारी दुसरी, स्वतंत्र. ॲक्सिलरेटर वेगळा, ब्रेक वेगळा. चोर्ला घाटात हँडब्रेक ओढलेला ठेवून ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी चढत नाही, फक्त वास सुटतो. आपली जोडपी नेमकं हेच करतात: नवी साडी आणा, व्हिडिओ बघा, शक्तीची गोळी घ्या. ब्रेक कुणी तपासत नाही.

म्हणून पंधरा दिवस दोघांनी आपापल्यापुरती नोंद ठेवायची. आज मन झालं का. झालं तर कशानं. नसेल झालं तर काय आड आलं. झोप किती झाली, कुठं दुखत होतं का, पाळीचा कितवा दिवस, दिवसभरात काय भांडण झालं, कोण पिऊन आलं होतं, कुठली औषधं चालू आहेत. वही सासूबाईंच्या किंवा दिराच्या हाती पडेल ही भीती खरी आहे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी आपल्यालाच कळतील अशा खुणा करा. फोन घरात सगळे वापरत असतील तर त्यात लिहू नका.

पंधरा दिवसांनी त्या खुणा बघितल्या की “तिला इच्छाच नाही” हे वाक्य सहसा टिकत नाही. मन झालेले दोन-तीन दिवस सापडतात, आणि ते रविवारची दुपार, माहेराहून परत आल्याचा दिवस, किंवा सासू यात्रेला गेली ती रात्र, असे काहीतरी असतात.

दुसरी पायरी: घर

आमच्याकडची जुनी घरं लांबट. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी न्हाणी आणि परसू. शहापूर-वडगावातल्या कित्येक घरांत एका खोलीत माग असतो आणि उरलेल्या दोन खोल्यांत सहा माणसं. नव्या जोडप्याला मिळते ती माजघराशेजारची खोली. तिच्या दाराला कडी असते पण लावली की आवाज होतो, भिंत पत्र्याला टेकत नाही, आणि खाट कुरकुरते. पलीकडं सासरे खोकतात. अशा खोलीत बाईचे कान दाराकडं असतात. ती थंड आहे असं नवरा ठरवतो. ती फक्त ऐकत असते.

यावर उपाय साधे आहेत आणि ते आधी करून मगच पुढच्या पायऱ्यांकडं जावं. खाटेचे बोल्ट आवळा किंवा गादी खाली घाला. दाराला आतून आवाज न करणारा बोल्ट बसवून घ्या. हे काम नवऱ्यानं करायचं आणि “दार वाऱ्यानं वाजतंय” एवढं सांगून मोकळं व्हायचं. पंखा मोठा ठेवा, किंवा रेडिओ रोजच लावायची सवय करा म्हणजे तो लागला याचा काही अर्थ कुणी काढणार नाही. दोन-तीन वर्षांचं मूल मध्ये झोपत असेल तर त्याला आजीजवळ झोपायची सवय लावा. आजीला बहुधा ते हवंच असतं.

वर्षातून एक-दोनदा बाहेर मुक्काम करणं ही चैन समजू नका. जोतिबाला किंवा अंबाबाईला जायचं म्हटलं की घरात कुणी अडवत नाही. परतीची घाई न करता कोल्हापुरात एक रात्र राहा. बेळगावाहून गोवा अडीच-तीन तासांवर आहे. लॉजवर दोघांचं ओळखपत्र मागतात, ते जवळ ठेवा. तरुण जोडप्याकडं मॅनेजर वर-खाली बघतो तेव्हा आपण नवरा-बायको असूनही चोरासारखं वाटतं, हे मला ठाऊक आहे, तरी जा.

आता वेळेचं. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी आलेला माणूस आणि पाणी सुटणार म्हणून पहाटे चारला उठून घागरी भरलेली बाई, यांची इच्छा रात्री अकराला एकाच वेळी जागी व्हावी अशी अपेक्षा कशी करायची? मागावर दहा तास बसलेल्याची कंबर बोलत असते. तंबाखूच्या वखारीतून आलेल्या बाईला तर आधी तो वास अंगावरून घालवायचा असतो. म्हणून रात्रीचा हट्ट सोडा. कामाची पाळी (शिफ्ट) कुठल्या आठवड्यात कुठली आहे ते बघून वेळ ठरवा. वेळ ठरवून जवळ यायचं म्हणजे काहीतरी नाटकी, असं नव्यांना वाटतं. लग्नाचा मुहूर्त काढून घेताना तसं वाटलं नव्हतं.

आणि कामाची वाटणी. बायको दिवस संपवून पडते तेव्हा नवरा ताजातवाना असेल, तर त्या दोघांतला फरक इच्छेचा नाही, झोपेचा आहे. पाण्याच्या घागरी भरणं, मुलाला रात्री उठून बघणं, सकाळचे डबे, यातलं एक काम नवऱ्यानं कायमचं उचललं तर त्याचा परिणाम दिसतो. मात्र “भांडी घासली, आता तरी” हा हिशोब मांडलात की घासलेली भांडीही ब्रेकमध्येच जमा होतात.

आषाढात नवी सून माहेरी जाते, पहिल्या बाळंतपणाला काही महिने जाते, श्रावण-नवरात्रात कुणी सोवळं पाळतं. यात दोघांचं मत वेगळं असेल तर ते सणाआधी बोलून घ्या. ऐन घटस्थापनेच्या रात्री वाद नको.

तिसरी पायरी: बोलायचं कधी आणि कसं

अंथरुणात नाही. नकार मिळाल्यावर लगेच नाही. सासूच्या, जावेच्या, मित्राच्या मध्यस्थीनं तर नाहीच. दोघं एकाच दिशेला बघत असताना अवघड गोष्ट सोपी जाते. मोटारसायकलवर, शेतातून परत येताना, राकसकोपच्या बाजूला फिरायला गेल्यावर. तोंडासमोर बसून “मला तुझ्याशी बोलायचंय” म्हटलं की निम्मी माणसं तिथंच बंद होतात.

सुरुवात तक्रारीनं करू नका. “तू कधीच तयार नसतेस” यावर फक्त बचाव करता येतो. त्याऐवजी: “मला तुझ्याजवळ यावंसं वाटतंय आणि तू लांब सरकलीस की मी तुला आवडत नाही असं वाटायला लागतंय. तुला त्या वेळी काय होतंय?” आणि मग गप्प बसून ऐका. बायकोकडून: “तुमी हात लावला की आता पुढं सगळंच करावं लागणार असं वाटतंय, म्हणून मी आधीच बाजूला होते.” हे दुसरं वाक्य किती घरांत खरं आहे म्हणून सांगू. सगळंच टाळायचं म्हणून साधी मिठीही टाळली जाते, आणि नवऱ्याला वाटतं प्रेमच आटलं.

नकार कसा द्यायचा हेही शिकावं लागतं. ज्याला नको आहे त्यानं नुसती पाठ फिरवू नये. दुसरं काहीतरी द्यावं. “आज अंग दुखालंय, नुसतं जवळ झोपूया की. रविवारी दुपारी बघू.” आणि ज्याला पाहिजे आहे त्यानं नकारानंतर तोंड फुगवायचं नाही, दुसऱ्या दिवशी चहा घेताना टोमणा मारायचा नाही. नकाराची शिक्षा होते हे एकदा कळलं की होकार मनापासूनचा आहे की भीतीचा, हे तुम्हालाच ओळखता येणार नाही.

रविवार म्हटलंय तर रविवार पाळा. तीनदा पुढं ढकललं की तो शब्द खोटा पडतो.

चौथी पायरी: आधी स्पर्श, बाकीचं नंतर

नव्या जोडप्यांना वाटतं, आधी इच्छा आणि मग स्पर्श. कित्येकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये हे नीट मांडलं: काहींना इच्छा आपोआप होते, आणि काहींना, विशेषतः लग्नाला काळ लोटल्यावर अनेक स्त्रियांना, ती जवळीक सुरू झाल्यावर मागाहून येते. दिवसभर एकदाही मनात न आलेली बाई अर्ध्या तासाच्या सावकाश लाडांनंतर मनापासून सामील होऊ शकते. तिच्यात काही कमी नाही.

नवरेमंडळींनी याचा अर्थ “सुरू केलं की तिला आवडतंच” असा काढू नये. सुरू करायलाही तिची तयारी लागते, आणि मध्येच “बास” म्हटलं तर थांबावं लागतं.

मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला एक सराव आजही समुपदेशक देतात. तो असा. पहिले दोन-तीन आठवडे संभोग पूर्ण बंद, दोघांनी कबूल करून. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. एकानं पडून राहायचं, दुसऱ्यानं हात, पाठ, केस, पाय, चेहरा असा सावकाश स्पर्श करायचा. स्तन आणि जननेंद्रियं वगळून. मग अदलाबदल. कपडे ठेवले तरी चालतात. उत्तेजना आली तर आली, नाही आली तर नाही; तिच्या मागं लागायचं नाही. बोलायचं फक्त एवढंच: इथं बरं वाटतं, इथं गुदगुल्या होतात, जरा जोरात. हे सहज जमायला लागलं की पुढच्या टप्प्यात वगळलेले भाग घ्यायचे, तरीही संभोग नाही. तिसऱ्या टप्प्यात, दोघांनाही वाटेल तेव्हा, बाकीचं.

“संभोग बंद” ऐकून जास्त इच्छा असलेला जोडीदार नाराज होतो. पण “पुढं काय होणार” ही धास्ती गेली की कमी इच्छा असलेला जोडीदार स्वतःहून जवळ सरकायला लागतो, हे या सरावाचं मर्म. ताठरता टिकत नाही म्हणून टाळणाऱ्या पुरुषांनाही याच कारणानं उपयोग होतो. परीक्षाच रद्द झालेली असते.

इथं एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. बहुतेक स्त्रियांना नुसत्या योनिसंभोगानं परमोच्च सुख मिळत नाही. त्यासाठी शिश्निकेला, म्हणजे क्लिटोरिसला, स्पर्श लागतो. ती योनीच्या वरच्या बाजूला असते आणि लग्न झालेल्या कित्येक पुरुषांना तिचा पत्ता नसतो. पाच मिनिटांत नवऱ्याचं आटोपत असेल आणि तिच्या वाट्याला फक्त जळजळ येत असेल, तर तिला इच्छा नसणं हा तिचा शहाणपणा आहे. तिची इच्छा वाढवायची म्हणजे आधी तिच्यासाठी त्यात काहीतरी ठेवायचं.

पाचवी पायरी: दवाखाना

दुखत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जा. दुखणं सहन करत राहिलं की शरीर पुढच्या वेळी आधीच आकसतं. आत शिरकावच होत नसेल, स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं तो चांगला सुधारतो. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही संबंध झालेला नाही अशी जोडपी असतात आणि दोघंही घरच्यांपासून ते लपवत असतात.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्या. त्यानंतरही अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, योनी कोरडी राहते, इच्छा मंद असते. पाळी जाण्याच्या काळात पुन्हा कोरडेपणा येतो. त्यावर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट जेल मिळतं, ते वापरा. खोबरेल तेल लावत असाल तर कंडोमसोबत नको, त्यानं लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं.

गर्भ राहण्याची भीती हा मी पाहिलेला एक मोठा ब्रेक, आणि तो काढायला सगळ्यात सोपा. कंडोम, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, दहा वर्षं चालणारी तांबी, हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. गावातल्या आशाताईंना विचारा. दोन मुलं झाल्यावर पुरुषाची नसबंदी ही बायकोच्या शस्त्रक्रियेपेक्षा लहान आणि सोपी. तिनं ताकद जात नाही, इच्छा जात नाही. फक्त पुढं तीन महिने आणि वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं.

इच्छाच उतरली असेल तर दोघांपैकी कुणाचंही रक्त तपासण्यासारखं असतं: हिमोग्लोबिन (बाईचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी), थायरॉइड, साखर, गरजेनुसार प्रोलॅक्टिन. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासतात आणि कमी आलं तर पुन्हा एकदा तपासतात. एका आकड्यावर इंजेक्शन घेऊ नका. डॉक्टरांकडं जाताना चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. नैराश्यासाठीच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्राम या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते. त्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर प्रमाण किंवा औषध बदलता येतं.

पुरुषांसाठी थोडं जास्त. ताठरता येत नाही या लाजेपोटी कित्येकजण “मला इच्छाच नाही” असं सांगतात. सकाळी झोपेतून उठताना ताठरता असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि अडचण ताणाची आहे. तीही गेली असेल तर साखर आणि रक्तदाब तपासा, कारण लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जे होतंय ते काही वर्षांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दिसू शकतं. विडी, गुटखा, मावा यांतलं निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आकसवतं. निपाणीची अर्धी बाजारपेठ ज्या पिकावर उभी राहिली त्याविषयी हे लिहिताना मला काही आनंद होत नाही.

ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब तिच्यासोबत धोकादायक पातळीला उतरतो. आणि बसस्टँडच्या भिंतीवर “गुप्तरोग, शंभर टक्के खात्री” असं लिहिलेल्या लॉजवरच्या वैद्याकडं तर मुळीच जाऊ नका. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या “जडीबुटी”त सिल्डेनाफिल मिसळलेलं तपासण्यांमध्ये सापडलेलं आहे, म्हणजे तोच धोका नाव न सांगता पोटात जातो. स्वप्नात किंवा हस्तमैथुनानं वीर्य गेल्यानं अशक्तपणा येत नाही. या भीतीनं आजारी पडणाऱ्या भारतीय तरुणांचं वर्णन डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच “धात सिंड्रोम” म्हणून केलं होतं. भिंतीवरच्या जाहिराती अजून त्याच भीतीवर पोट भरतात.

कुठं जायचं? बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरातलं केएलईचं हॉस्पिटल, दोन्हीकडं स्त्रीरोग आणि मनोविकार विभाग आहेत. धारवाडला डिमहान्स ही मनोविकारांची मोठी सरकारी संस्था आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर मुद्दाम दुसऱ्या शहरात जा, त्यात काही गैर नाही. घरातूनच बोलायचं असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

भाषेची अडचण शहरात फारशी येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नसतं, आणि मग दुभाषी म्हणून सासू किंवा दीर आत येतो. तिथं सगळं संपतं. तक्रार आधी कागदावर लिहून न्या, आणि बाईनं हे एक कन्नड वाक्य पाठ करून ठेवा: “डॉक्टर जोते ओब्बळे माताडबेकु.” डॉक्टरांशी मला एकटीनं बोलायचंय. पुरुषानं “ओब्बळे”च्या जागी “ओब्बने” म्हणायचं. मग नर्स बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगू शकते.

सुट्टीवर येणाऱ्यांसाठी

सीमाभागातल्या गावागावांत फौजी घरं आहेत. तो अनेक महिन्यांनी येतो, मनात तेवढ्या दिवसांची वाट बघणं घेऊन. तिनं तेवढेच महिने घर, शेत, मुलं एकटीनं ओढलेली असतात आणि तिला आधी त्याची पुन्हा ओळख व्हावी लागते. पहिल्या रात्रीच्या अपेक्षेनं बरंच बिघडतं. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे, देवदर्शन, जेवणावळी यांतच जातात; त्या दिवसांत काहीच ठरवू नका. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वेळ काढा. आणि सुट्टी संपत आली की “आता किती दिवस राहिले” म्हणून घाई करायचीच असेल तर ती बोलायची करा. पणजी-म्हापशाला कामाला असून शनिवारी येणाऱ्यांचंही असंच, फक्त लहान मापात. फोनवर रोज दोन मिनिटं तिचं काय चाललंय हे विचारणारा नवरा शनिवारी परका वाटत नाही. फक्त “पैसे पोचले का” विचारणारा वाटतो.

तरीही उरलेलं अंतर

सगळं करूनही फरक उरतो. एकाला आठवड्यातून तीनदा, दुसऱ्याला पंधरवड्यातून एकदा. मधला आकडा शोधून काढला तर दोघंही नाराज राहतात, असं माझं मत. त्यापेक्षा जवळीकीचे प्रकार वाढवा: कधी पूर्ण संबंध, कधी नुसता हातानं, कधी फक्त मिठीत झोपणं, आणि जास्त इच्छा असणाऱ्यानं कधी स्वतःपुरतं हस्तमैथुन करणं. शेवटचं कुणाशी बेइमानी नाही आणि त्यानं शरीराची हानीही होत नाही.

कधी कधी नवऱ्याला किंवा बायकोला मुळात बाई-पुरुष या नात्यातच ओढ नसते, आणि घरच्यांच्या दबावानं लग्न झालेलं असतं. समलिंगी ओढ हा आजार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञान माणसांचे संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हाही नाही. ती “बरी” करतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. अशा लग्नाचं पुढं काय करायचं हे दोघांनी ठरवायचं, आणि त्यासाठी समुपदेशक आणि वकील दोन्ही लागतील.

राहता राहिले नातेवाईक. सहा महिने झाले नाहीत तोवर “काय, खुशखबर कधी?” सुरू होतं, आणि त्या दबावाखाली संबंध म्हणजे कर्तव्य होऊन बसतं, ज्याची इच्छा आधीच कमी त्याची उरलीसुरलीही जाते. उत्तर नवऱ्यानं द्यावं, आपल्या आईलाही: “आमचं ठरलंय, आत्ता नाही.” खरंच मूल हवं असेल तर वर्षभर, आणि बायको पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिने, नियमित संबंध ठेवून बघा. त्यानंतरही राहिलं नाही तर दोघांनी तपासायला जायचं. सुनेला एकटीला डॉक्टर ते मांत्रिक फिरवण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. ती स्वस्त असते, सुई टोचत नाहीत, आणि आधी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळला की झालं.